हार्टची ब्लड टेस्ट करायचीय? ट्रोपोनिन, अपो-बी, एलपी-ए, एचएस-सीआरपी: कुठली, कधी आणि कुठल्या क्रमाने

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या लॅबच्या काउंटरवर सकाळी दोन प्रकारची माणसं येतात आणि दोघंही एकच वाक्य बोलतात, "हार्टची टेस्ट करायचीय." पहिल्याच्या छातीत रात्रीपासून जड वाटतंय. दुसऱ्याला काहीच होत नाही, पण वडिलांना पन्नाशीत ॲटॅक आला होता म्हणून बघायचंय. पहिल्याने लॅबमध्ये यायलाच नको होतं, आणि दुसरा मागतोय ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी टेस्ट), जी त्याच्या काहीच कामाची नाही. हा गोंधळ रोजचाच आहे म्हणून क्रमाने लिहितोय. घाई असेल तर निदान पहिला टप्पा तरी वाचाच.

टप्पा १: आत्ता त्रास होतोय का? मग लॅब नाही, कॅज्युअल्टी

छातीत दाब, जळजळ, आवळल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, पाठीत मधोमध दुखणं, दरदरून घाम, दम लागणं, यातलं काही आत्ता होत असेल किंवा गेल्या काही तासात होऊन गेलं असेल तर सरळ हॉस्पिटल. शुगरवाल्यांना आणि बायकांना बऱ्याचदा छातीत दुखतच नाही, नुसतं मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, मग घरात कुणीतरी ओवा देतंय, कुणी सोडा देतंय आणि "गॅस असंल" म्हणून दोन-तीन तास असेच जातात.

काय करायचं ते या क्रमाने:

१. १०८ ला फोन करा. गाडी घरचीच न्यायची असेल तर पेशंटने स्वतः चालवायची नाही, टू-व्हीलरवर मागे बसवून तर अजिबात न्यायचं नाही.
२. त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहा. हे का, ते पुढच्या टप्प्यात येतंय.
३. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्राम चावून खायला डॉक्टर सांगतात. फोनवर विचारा आणि मगच द्या.
४. जवळात जवळ जिथं ईसीजी निघतो तिथं पोचा. शहरात असाल तर सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) आहे, बाकी मोठी हॉस्पिटलं आहेत. गगनबावडा, शाहूवाडी, आजऱ्याकडं असाल तर थेट कोल्हापूर गाठायच्या नादात वाटेतलं ग्रामीण रुग्णालय सोडू नका, तिथं ईसीजी निघतो आणि पुढं कुठं न्यायचं ते ठरतं. चंदगडच्या माणसाला तर बेळगाव जवळ पडतंय.

पोचल्यावर १० मिनिटांच्या आत ईसीजी झाला पाहिजे हा जगभरचा नियम आहे. ईसीजीत मोठा ॲटॅक स्पष्ट दिसत असेल तर डॉक्टर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, थांबायचंही नसतं, सरळ अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. म्हणून "आधी रक्त तपासू, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येईल, मग बघू" हा सगळ्यात महागात पडणारा क्रम आहे. त्या मधल्या तासात हार्टचा स्नायू मरत असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

थांबा आणि बघा: वरच्यातलं एकही लक्षण आत्ता नाही ना? नक्की? मग टप्पा ३ वर जा. घरचं कुणी ॲडमिट असेल तर टप्पा २ वाचा.

टप्पा २: ॲडमिट असताना ट्रोपोनिन कसा समजून घ्यायचा

ट्रोपोनिन हे हार्टच्या स्नायूतलं प्रोटीन आहे. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. म्हणजे ही टेस्ट इजा सांगते, नळीत ब्लॉकेज किती टक्के आहे हे सांगत नाही. सगळी गडबड इथंच होते.

पहिली गोष्ट वेळेची. दुखायला लागल्या लागल्या रक्तात काही दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या टेस्टमध्ये साधारण ३ ते ६ तासांनी वाढ दिसते, हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टमध्ये त्याच्या बरीच आधी, १ ते ३ तासात दिसायला लागते. १२ ते २४ तासांच्या आसपास आकडा सगळ्यात वर जातो आणि मग हळूहळू उतरत आठवडाभर, ट्रोपोनिन टी असेल तर कधी दोन आठवड्यांपर्यंत वाढलेला राहतो. म्हणून त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा म्हणलं. नऊ वाजता दुखायला लागलं आणि साडेनऊला रक्त घेतलं तर "निगेटिव्ह" येणारच, त्यावर घरी निघून येणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी गोष्ट, एका सॅम्पलवर बहुतेक वेळा विश्वास ठेवत नाहीत. हाय-सेन्सिटिव्हिटी असेल तर १, २ किंवा ३ तासांनी दुसरं सॅम्पल, जुनी पद्धत असेल तर ३ ते ६ तासांनी. बघायचं असतं ते आकडा हलतोय का. "परत कशाला रक्त काढताय, बिल वाढवायला?" असं नर्सला विचारणारे नातेवाईक लई बघितलेत. दुसरं सॅम्पल हेच खरं सॅम्पल आहे असं समजा. त्रास सुरू होऊन तीन तासांहून जास्त वेळ झालाय आणि हाय-सेन्सिटिव्हिटीचा आकडा अगदीच कमी आहे, ईसीजीही ठीक आहे, अशा वेळी डॉक्टर एका सॅम्पलवर निर्णय घेऊ शकतात, पण तो त्यांचा निर्णय, आपला नव्हे.

तिसरी गोष्ट युनिटची, आणि इथं एक उदाहरण घेऊन सांगतो. गावातल्या रिपोर्टवर लिहिलंय ट्रोपोनिन आय ०.०३८ नॅनोग्राम प्रति मिलिलिटर. पेशंट कोल्हापुरात आणला, इथल्या रिपोर्टवर आलं ३८ नॅनोग्राम प्रति लिटर. घरच्यांची बोबडी वळते, "हजारपट वाढला!" वाढला नाही हो, दोन्ही आकडे एकच आहेत, मिलिलिटरचं लिटर झालं म्हणून हजाराने गुणलं गेलं. पिकोग्राम प्रति मिलिलिटर असं लिहिलेलं असेल तर ते आणि नॅनोग्राम प्रति लिटर हे सारखंच. आणि हे गणित जुळलं तरी एका कंपनीच्या किटचा ट्रोपोनिन आय दुसऱ्या कंपनीच्या किटशी ताडून बघता येत नाही, ट्रोपोनिन टी तर वेगळंच प्रोटीन आहे. म्हणून दोन्ही सॅम्पल एकाच हॉस्पिटलच्या एकाच मशीनवर व्हायला पाहिजेत. बोटातून थेंब घेऊन पट्टीवर करतात त्या कार्ड टेस्टवर नुसती रेघ उमटते, आकडा येत नाही, थोडी वाढ असेल तर ती रेघ उमटतही नाही.

चौथी गोष्ट, ट्रोपोनिन वाढला म्हणजे दरवेळी ब्लॉकेजचाच ॲटॅक असतो असं नाही. किडनीचा जुना आजार, हार्ट फेल्युअर, हार्टच्या स्नायूला आलेली सूज, फुप्फुसात अडकलेली गुठळी, अंगात पसरलेलं इन्फेक्शन, यातही वाढतो. किडनीच्या पेशंटचा तर कायमच थोडा वर असतो, त्यांच्यात पहिल्या आणि दुसऱ्या सॅम्पलमध्ये २० टक्क्यांहून जास्त फरक पडला का हे बघतात. त्यामुळं डायलिसिसवाल्यांनी जुने ट्रोपोनिनचे रिपोर्ट जपून ठेवावेत, अडीनडीला तेच तुलनेला कामाला येतात.

इथं कोल्हापूरची म्हणून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. तालमीत जोर-बैठका आणि लढती करून आलेल्या पैलवानाचा सीके आणि सीके-एमबी (स्नायूतली एन्झाइम्स) वाढलेला येऊ शकतो, कारण हे अंगाच्या स्नायूतूनही येतं, हार्टशी त्याचा संबंध असेलच असं नाही. लई जोरकस आणि लांबलचक व्यायामानंतर ट्रोपोनिनही थोडा काळ वाढतो. म्हणून आधी काय केलं होतं ते डॉक्टरांना सांगा. पण "पोरगं पैलवान आहे, त्याला काय होतंय" म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नका, व्यायामाचं कारण आहे की हार्टचं हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

महत्त्वाचं: ट्रोपोनिन नॉर्मल आला म्हणजे नळ्या साफ आहेत असा अर्थ होत नाही. ७० टक्के ब्लॉकेज असलेला माणूस निवांत बसलेला असताना ट्रोपोनिन नॉर्मल असू शकतो. जिना चढताना दुखतंय आणि थांबलं की राहतंय अशी तक्रार असेल तर "ब्लड नॉर्मल आलं" म्हणून घरी बसू नका. हे दुखणं नव्यानं सुरू झालं असेल, वाढत चाललं असेल किंवा बसल्या जागी व्हायला लागलं असेल तर परत टप्पा १.

टप्पा ३: त्रास नाही, पुढचा धोका बघायचाय, तर कुठलं प्रोटीन

इथं ट्रोपोनिन आणि सीके-एमबी यादीतून काढून टाका. कामाची आहेत ती ही.

अपो-बी. कोलेस्टेरॉल रक्तातून कणांमध्ये भरून फिरतं आणि नळीच्या भिंतीत घुसून त्रास देणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बी चा एकच रेणू असतो. केएमटीच्या बसमध्ये प्रवासी कमी असोत की खच्चून भरलेले, ड्रायव्हर एकच, त्यामुळं ड्रायव्हर मोजले की रस्त्यावर बस किती ते कळतं, तसंच हे. एलडीएलचा (वाईट कोलेस्टेरॉलचा) आकडा प्रवासी सांगतो, अपो-बी बस सांगतो. ज्यांना शुगर आहे, पोट सुटलंय, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २०० च्या वर आहे त्यांचं एलडीएल बऱ्याचदा बरं दिसतं आणि अपो-बी जास्त निघतं. आपल्याकडं असली माणसं घरटी एक सापडतील, म्हणून माझ्या मते एकच जादा टेस्ट परवडत असेल आणि एलपी-ए आधी झालेली असेल तर ही करा.

एलपी-ए. हा एलडीएलसारखाच कण, पण त्याला अजून एक प्रोटीन चिकटलेलं. किती असणार हे बहुतांशी आई-बापाकडून ठरून येतं, खाण्यापिण्याने फारसं हलत नाही. म्हणून प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात एकदा करावी, दरवर्षी नाही. घरात कमी वयात ॲटॅक आलेले असतील तर ही चुकवू नका.

एचएस-सीआरपी. हे लिव्हरमध्ये तयार होतं आणि अंगात सूज, दाह आहे का ते सांगतं. हार्टपुरतं बोलत नाही, दाढ सुजली तरी वाढतं. धोका मधल्या पातळीवर आहे, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची की नाही याचं ठरत नाहीये, तेव्हा उपयोगी.

एनटी-प्रोबीएनपी. ही हार्टवरच्या ताणाची, हार्ट फेल्युअरची टेस्ट. दम लागतोय, पाय सुजतात तर डॉक्टर सांगतील. ब्लॉकेज शोधायला म्हणून नाही.

होमोसिस्टीन पॅकेजमध्ये असतं, पण ते प्रोटीन नाही, अमिनो आम्ल आहे, आणि शाकाहारी माणसात बी-१२ कमी असलं तरी वाढतं. त्यावरून हार्टचं भविष्य काढू नका.

टप्पा ४: कधी करायची

ताप, सर्दी, जुलाब, दाढदुखी, नुकतंच ऑपरेशन किंवा लस, यातलं काही असेल तर एचएस-सीआरपी पुढं ढकला, बरं झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं की घरोघरी तापाचे पेशंट असतात, त्या दिवसात ही टेस्ट म्हणजे पैसे वाया.

ॲटॅक येऊन गेला असेल तर पहिल्या २४ तासांनंतर कोलेस्टेरॉल आणि त्याच्यासोबत अपो-बी खाली यायला लागतं, काही आठवडे ते खोटंच कमी दिसतं. हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी झालं नसेल तर नंतर कधी करायचं ते डॉक्टरांना विचारा.

गर्भारपणात लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी) आणि सीआरपी दोन्ही वाढतात, त्यावरून निष्कर्ष नको.

टप्पा ५: आदला दिवस आणि ती सकाळ

अपो-बी, एलपी-ए, एचएस-सीआरपी यांना उपाशीपोटी यायची गरज नसते. पण सोबत लिपिड प्रोफाइल किंवा फास्टिंग शुगर असते, तेव्हा १० ते १२ तास उपाशी. पाणी चालतं, पाणी प्याच.

आता रंकाळ्याला फेरी मारून, गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास मारून "मी उपाशीच आहे, नुसतं दूध प्यालोय" म्हणणारे असतात. दूध म्हणजे खाणंच हो. म्हशीचं ताजं दूध, त्यात फॅट भरपूर. दुधाचा चहाही नको. आदल्या रात्री तांबडा-पांढरा आणि सोबत दारू झाली असेल तर ट्रायग्लिसराइड वाढून येणार, अशी टेस्ट पुढं ढकललेलीच बरी.

गोळ्यांचं नीट ऐका. बीपीची, कोलेस्टेरॉलची, थायरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. "गोळी न घेता खरा आकडा बघू" हे डोक्यातून काढा, आपल्याला गोळी चालू असतानाचाच आकडा पाहिजे असतो, फक्त फॉर्मवर गोळीचं नाव आणि डोस लिहा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर उपाशी राहायचं कसं ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, लॅबच्या बाकावर शुगर उतरून चक्कर आलेली माणसं आम्ही सांभाळलीत.

केस गळती, नखं, त्वचा यासाठी बायोटिनच्या गोळ्या लई जण घेतात आणि ते औषध आहे हेच त्यांना वाटत नाही. जास्त डोसचं बायोटिन काही मशीनवरच्या टेस्ट बिघडवतं. ट्रोपोनिन तर खोटा कमी दाखवू शकतं, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. ठरवून करायची टेस्ट असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. इमर्जन्सीत थांबायचा प्रश्नच नाही, फक्त "बायोटिन चालू आहे" हे तोंडाने सांगा.

आदले एक-दोन दिवस तालीम, जिम, जोतिबाचा डोंगर पळत चढणं, हे टाळा. साधं चालणं चालेल.

टप्पा ६: फॉर्मवर नाव बरोबर लिहून घ्या

नुसतं सीआरपी आणि एचएस-सीआरपी वेगळं आहे. साधी सीआरपी इन्फेक्शनसाठी, ती कमी आकड्यात बारीक फरक दाखवत नाही. "एलपी-ए" म्हणजे लिपोप्रोटीन-ए, आणि "अपो-ए१" वेगळी, नावं जवळची म्हणून काउंटरवर अदलाबदल होते, पावती तिथंच वाचा.

लॅबला तीन प्रश्न विचारा. टेस्ट इथं करता की पुणे-मुंबईला पाठवता? एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता नुसती लॅबला आहे की या टेस्टलाही आहे? एलपी-ए कुठल्या युनिटमध्ये देता? पाठवत असतील तर काही बिघडत नाही, फक्त रिपोर्टला वेळ लागेल. "फुल हार्ट पॅकेज" घेताना आत काय काय आहे ते वाचा, ट्रोपोनिन आणि सीके-एमबी घालून आकडा फुगवलेला असेल तर सुट्या टेस्ट करा.

टप्पा ७: रक्त देताना

पोचल्या पोचल्या हात पुढं करू नका, पाच-दहा मिनिटं शांत बसा. उभं राहून आल्या आल्या किंवा पट्टा बराच वेळ आवळून रक्त घेतलं की प्रोटीन आणि लिपिडचे आकडे थोडे वाढून येतात. ट्यूबवर नाव-वय तुमच्यासमोर लागलं पाहिजे. रक्त फुटलं (सॅम्पल खराब झालं), परत द्या असा फोन आला तर चिडू नका, मुकाट्यानं द्या.

टप्पा ८: रिपोर्ट वाचणं

एचएस-सीआरपी, मिलिग्राम प्रति लिटरमध्ये: १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर असेल तर हार्टचा विचार बाजूला ठेवा, कुठंतरी इन्फेक्शन किंवा दाह आहे का ते शोधा, नंतर परत करा. निर्णय एका आकड्यावर नाही, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी. युनिट मिलिग्राम प्रति डेसीलिटर असेल तर दहाने गुणा, ०.४ म्हणजे ४.

अपो-बी, मिलिग्राम प्रति डेसीलिटरमध्ये: १३० किंवा वर असेल तर धोका वाढवणारी गोष्ट मानतात. उपचाराचं टार्गेट माणसागणिक वेगळं, युरोपच्या गाइडलाइनमध्ये मध्यम धोक्याला १०० च्या खाली, जास्त धोक्याला ८० च्या खाली, आणि ॲटॅक येऊन गेलेल्यासारख्या अतिजास्त धोक्याच्या माणसाला ६५ च्या खाली. लॅबच्या छापील "नॉर्मल रेंज" मध्ये बसलं म्हणून स्टेंटवाल्याने खूश व्हायचं नाही, त्याची रेंज वेगळी आहे.

एलपी-ए: ५० मिलिग्राम प्रति डेसीलिटरच्या वर, किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर म्हणजे जास्त. ३० ते ५० किंवा ७५ ते १२५ हा मधला पट्टा. या दोन युनिटमध्ये गुणाकार-भागाकार करू नका, कारण चिकटलेल्या प्रोटीनचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, ठरावीक गुणक लागू पडत नाही. आला त्या युनिटमध्येच वाचा.

एनटी-प्रोबीएनपी: ओपीडीत आलेल्या माणसाचं १२५ पिकोग्राम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. वय आणि किडनीच्या आजारात वाढतं, लठ्ठ माणसात कमी दिसतं. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी एकमेकांशी ताडू नका.

लाल अक्षरात आकडा आला की रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सल्ले घेऊ नका.

टप्पा ९: रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे

फाइलमध्ये एवढं न्या: रिपोर्ट, जुना लिपिड प्रोफाइल, बीपी आणि शुगरचे आकडे, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), चालू गोळ्यांची यादी, तंबाखू-मिश्री-सिगरेटचं खरं उत्तर, आणि घरात कुणाला कितव्या वर्षी ॲटॅक आला ते. यातली शेवटची माहिती लोक सगळ्यात जास्त विसरतात, "मामांना झालं होतं वाटतं" एवढंच सांगतात. सख्ख्या नात्यात पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत ॲटॅक आला असेल तर तो मोजला जातो, म्हणून आईला, आत्याला फोन करून वय विचारून जा.

रक्तातली ही प्रोटीनं धोका सांगतात, नळी दाखवत नाहीत. नळी बघायची असेल तर डॉक्टर तुमच्या तक्रारीप्रमाणे स्ट्रेस टेस्ट, कॅल्शियम स्कोअर, सीटी अँजिओ किंवा साधी अँजिओग्राफी ठरवतील. एचएस-सीआरपी एकटीच वाढली असेल तर दात, तंबाखू आणि पोटाचा घेर इथून सुरुवात करा. अपो-बी वाढलेलं असेल तर गोळी सुरू करून किंवा डोस बदलून काही आठवड्यांनी तीच टेस्ट, त्याच लॅबमध्ये.

एलपी-ए जास्त आली तर स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळीने) ती स्वतः कमी होत नाही. तरीही एलडीएल, बीपी, शुगर, तंबाखू यावर जास्त कडक राहिलं की एकूण धोका उतरतो, म्हणून स्टॅटिन "उपयोग नाही" म्हणून सोडायची नाही. आणि हा रिपोर्ट एकट्याच्या फाइलीत ठेवू नका. भाऊ, बहीण आणि मोठी झालेली पोरं यांना आकडा सांगा आणि त्यांनीही एकदा ही टेस्ट करावी, पुण्यात नोकरीला असलेल्या भावाला आणि सासरी इचलकरंजीला असलेल्या ताईलासुद्धा.